गल्लीचे दिवे एका घरात

रविवार, ६ ऑक्टोबर १९९६, दुपार. जागा: माझा ओटा. हजर: सिंधू, मालतीवहिनी, हेमाबेन, तुमची सून छाया आणि मी. गैरहजर: केवळाबाई, नेहमीप्रमाणे. तुमचं नाव कुठे लिहायचं म्हणून मी पेन धरून थांबले, तर हेमाबेन म्हणाल्या, "हाजरमां लखो." मी लिहिलं.

जिजी, तुम्ही असतात तर ही बैठक चहा उकळायच्या आत उरकली असती. विषय एकच होता. पुढच्या रविवारी घट बसतील. तुमच्या घरात यंदा वर्षभर सण नाही, म्हणजे गल्लीचे अखंड दिवे तुमच्याकडे ठेवता येणार नाहीत. मग ठेवायचे कुठे? मालतीवहिनी म्हणाल्या, यंदापुरते ज्याचे त्याने आपल्या घरी लावावेत. बाकीच्यांनी माना डोलावल्या. हा 'यंदापुरते' शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. दाराच्या मागे स्टो ठेवलेला असतो तो यंदापुरताच, आणि उघड्या वायरला चिंधी गुंडाळलेली असते तीही यंदापुरतीच.

म्हणून सगळ्या गेल्यावर हे लिहायला बसले. तुमचा जन्म कुठला, लग्न कधी झालं, ते छायाच्या मुलांना सांगणारे घरात आहेत. मला फक्त दिव्यांचं लिहायचंय, आणि ते तुमच्याशी बोलल्याशिवाय मला धड सुचत नाही. तुम्हाला माहीत असलेलंही सांगते. मुलं मोठी झाल्यावर वाचतील, त्यांना कळायला हवं.

सुरतच्या लिंबायतमधली आपली गल्ली म्हणजे भिंतीला भिंत लागून घरं, वर पत्रे, मधून हातगाडी जेमतेम जाईल एवढी वाट. पुरुष लूमवर, म्हणजे कापडाच्या मागांवर. बायका घरी बसून साड्यांना लेस आणि टिकल्या लावणार. मार्केटातून साड्यांचे गठ्ठे आणून घरोघर वाटायचं काम माझं. सगळा माल नेट आणि जॉर्जेटचा. त्याला आग लागली की तो वितळतो आणि अंगाला चिकटतो. असा गठ्ठा प्रत्येक घरात कॉटवर, आणि कॉटच्या पायाशी रॉकेलचा स्टो. शेजारच्या गल्लीत एका उन्हाळ्यात आग लागली. माणसं वाचली, घरं गेली. बंब आला तो गल्लीच्या तोंडाशीच अडकला, कारण वाटेत खाटा, सायकली आणि पाण्याची पिंपं होती.

त्याच आठवड्यात मी यादी केली. तापलेल्या स्टोत रॉकेल ओतायचं नाही. गठ्ठा कॉटवर नाही, पत्र्याच्या पेटीत. वाट मोकळी. दर तिसऱ्या दाराशी वाळूची लाल बादली. यादी मी ओट्यावर उभी राहून मोठ्याने वाचली. बायका शाळेतल्यासारख्या हात बांधून ऐकत होत्या. तुम्ही मेथी निवडत होता. मान वर न करता म्हणालात, "मास्तरीन, तुन्हा कागद आग इझाडस का?"

कागदाने आग विझते का, यावर सगळी गल्ली हसली. त्या दिवसापासून मी मास्तरीण झाले. मी चार इयत्ता सुद्धा कोणाला शिकवलेल्या नाहीत.

पण त्या संध्याकाळी काय झालं ते मी विसरलेले नाही. दिवेलागण झाली, बायकांची स्वयंपाकाची गडबड सुरू झाली, आणि तुम्ही पदर खोचून पहिल्या दाराशी गेलात. "स्टो बंद शे ना व? मंग भर." पुढचं दार. "स्टो बंद शे ना व?" तिसऱ्या दाराशी सिंधूने हो म्हटलं, तर तुम्ही आत शिरून स्टोच्या टाकीला हात लावलात, हात झटकलात, आणि सिंधूला तिच्या माहेराचं नाव घेऊन जे काही सुनावलंत त्यात माझ्या यादीतलं पहिलं कलम पूर्ण आलं. मी जे लिहिलं होतं ते तुम्ही रोज विचारायला लागलात. इतक्या वर्षांत एक दिवस चुकला नाही. लग्नकार्याला गावी जायचात तेव्हा हेमाबेनला बदली लावून जायचात, आणि आल्यावर गल्लीभर चौकशी करायचात की बदलीने काम नीट केलं का.

आता बादल्यांचं. हे लिहिताना मला अजून हसू येतं.

त्या वर्षीच्या नवरात्रात मी बादल्या तपासायला निघाले. पहिल्या बादलीत हिरवं काहीतरी दिसलं. दुसरीत तेच. बोटभर उंचीचे गव्हाचे अंकुर, एकसारखे, तुकतुकीत. बादलीवर मी पांढऱ्या रंगात 'आग' लिहिलं होतं, त्या अक्षरांवर कुंकवाची बोटं ओढलेली. घटाला काळी माती लागते, तुमच्या पुतण्याने शिरपूरकडच्या शेतातून पिशवीभर माती आणली होती, आणि ती घालायला गल्लीत टोपल्या कमी पडल्या. तेव्हा तुम्ही बायकांना सांगितलंत की मास्तरणीच्या बादल्या अर्ध्या रिकाम्याच तर आहेत. वाळूवर माती, मातीत गहू, रोज सकाळी पाणी.

मी तुमच्या दारात जाऊन म्हटलं, "जिजी, ती वाळू आगीसाठी आहे. ती कोरडी लागते."

तुम्ही घरातल्या घटाकडे तोंड करून हात जोडलेत. "माय, तूच दख. मास्तरीननी परवानगी नही."

मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी भर दुपारी सिंधू ओरडत बाहेर आली. तिच्या घटाजवळच्या अखंड दिव्याची पेटती वात उंदराने तुपासाठी ओढून नेली होती, थेट साड्यांच्या गठ्ठ्यापर्यंत. गठ्ठा कॉटवरच होता. आपण दोघी दोन बाजूंनी धावलो. मी पाण्यासाठी नळाकडे गेले, नळाला पाणी नव्हतं. तुम्ही दाराशेजारची बादली उचललीत, गहू, माती, ओली वाळू सगळं त्या गठ्ठ्यावर पालथं केलंत, आणि हेमाबेनने दुसरी बादली त्यावर. मुळांनी माती घट्ट धरून ठेवली होती. भाकरी उलटावी तसा तो अख्खा थर पडला आणि गठ्ठा झाकला गेला. धूर आला, फसफस झाली, संपलं. भिंत काळी झाली, कॉटची एक बाजू जळाली. सिंधूची मुलगी पलीकडच्या खोलीत झोपली होती, ती उठलीसुद्धा नाही.

सिंधू रडत होती. तुम्ही राखेत बसून वाचलेले अंकुर वेचत होता. दसऱ्याला तुम्ही तेच अंकुर सगळ्यांच्या वेण्यांत खोवलेत, पुरुषांच्या कानांवर ठेवलेत, आणि उरलेला एक झुपका माझ्या डोक्यात. त्याला धुराचा वास येत होता. मग मला म्हणालात की तुझी वाळू कोरडी असती तर घसरून खाली गेली असती. मी म्हटलं, ती साडी होती म्हणून. तिथे वायर असती किंवा कढईतलं तेल असतं, तर ओली वाळू घेऊन गेलेली बाई आज आपल्यात नसती. हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. मी कोरड्या वाळूच्या बादल्या वेगळ्या ठेवायला लागले, तुम्ही ओल्या मातीच्या वेगळ्या. गल्लीत बादल्या दुप्पट झाल्या. मनातलं सांगते, दोन्ही हव्या आहेत. हे तुमच्या तोंडावर कबूल केलं असतं तर तुम्ही ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यात घातलं असतंत, म्हणून गप्प राहिले.

आणि ती पाण्याची साखळी. मी ठरवलं की रविवारी सरावासाठी नळापासून शेवटच्या घरापर्यंत बायकांनी ओळीने उभं राहायचं आणि भरलेल्या बादल्या हातोहात पुढे द्यायच्या. मी शिट्टी वाजवणार. पहिली बादली व्यवस्थित गेली. दुसरी तुमच्या हातात आली तेव्हा तुम्ही गाणं सुरू केलंत, आणि ओळ तालावर झुलायला लागली. मालतीवहिनींनी झुलता झुलता अर्धी बादली हेमाबेनच्या पाठीवर ओतली. हेमाबेनने उरलेली अर्धी परत केली. पाळी सुटून पुरुष आले तेव्हा गल्लीत धुळवड झाल्यासारखी झाली होती, बायका नखशिखांत भिजलेल्या, आणि मी मधोमध शिट्टी फुंकते आहे. तुमचे यजमान नाना डबा हातात घेऊन कोपऱ्यावरच थांबले. विचारलं, आग कुठे लागली? तुम्ही म्हणालात, लागली नाही, पण आता तिची हिंमत होणार नाही.

मला राग आला होता. पण पुढच्या रविवारी बोलवायला जावं लागलं नाही, सगळ्या आपणहून आल्या. गाण्याच्या तालावर बादली पुढे जाते ती सांडत नाही, हेही नंतर लक्षात आलं. शिट्टी मी अजून ठेवली आहे, पण वाजवत नाही.

एवढं सगळं होऊनही अखंड दिवा मात्र घरोघर जळतच राहायचा. यादीत मी लिहिलं होतं की माणूस नसताना घरात ज्योत ठेवायची नाही. देवीच्या दिव्याला हे कोण सांगणार? तुम्हीही सांगितलं नसतंत. ते आपोआप झालं, प्लेगच्या वर्षी.

घट बसायला थोडेच दिवस होते आणि सुरत पळत सुटली. आपल्या गल्लीतली बहुतेक घरं अंमळनेर, नंदुरबारकडे निघाली. तोंडाला रुमाल, डोक्यावर वळकट्या. कुलूप लावताना प्रत्येकीच्या मनात एकच, नवरात्रात घरात दिवा लागणार नाही. सिंधू कुलूप हातात घेऊन दारातच उभी होती, तिला काढताही येईना आणि लावताही येईना. तुम्ही तिच्याजवळ गेलात.

"दिवा मन्हा घर ठेई जाय. मी शे ना."

सिंधूने दिवा दिला. तिचं बघून पुढचीने दिला. संध्याकाळपर्यंत तुमच्या घरात पितळी, मातीचे, एक तर कपाच्या बशीतला, असे दिवे जमले, आणि प्रत्येक दिव्याबरोबर घराची किल्ली. मी मागे राहिले होते कारण माल माझ्या जिम्म्यावर होता. घट बसायच्या आदल्या दिवशी आपण दोघी किल्ल्या घेऊन घराघरात शिरलो. मेन स्विच बंद केले, गठ्ठे भिंतीपासून ओढले, रॉकेलचे डबे बाहेर काढले. कुठे काय बंद करायचं ते मी सांगत होते. प्रत्येक घरातून निघताना तुम्ही देवाच्या कोनाड्याला सांगत होता की काळजी करू नको, तुझा दिवा माझ्याकडे आहे.

तुमच्या स्वयंपाकघरातला कडाप्प्याचा कट्टा रिकामा केला. परातीत पाणी, पाण्यात पाट, पाटावर दिवे. उंदीर पोहत येईल का, असं तुम्ही मला विचारलंत, तेही गंभीर चेहऱ्याने. दिवे लागले आणि ते घर असं काही दिसायला लागलं की मी यादी विसरून तशीच बसून राहिले. बाहेर सगळी गल्ली ओस, आणि आत प्रत्येक घर आपापल्या ज्योतीने हजर.

पुढच्या वर्षी सगळे सुखरूप परत आलेले होते. मी भीत भीत विचारलं, दिवे पुन्हा एकत्र ठेवायचे का? तुम्ही म्हणालात, ठेवायचे, पण नुसते नाही, पाळीने बसायचं. लूमवर पाळ्या असतात तशा दिव्यांच्या पाळ्या. पाळी मी लावली, गप्पा तुम्ही लावल्या. नवरात्रभर तुमचं स्वयंपाकघर कधी रिकामं राहिलं नाही. तिथे दोन लग्नं जुळली, एक जुनं भांडण मिटलं, आणि हेमाबेन अहिराणी शिकल्या. मालतीवहिनींनी एकदा शंका काढली होती की दुसरीच्या कुळदेवीच्या दिव्यात आपण तेल घातलं तर चालतं का. तुम्ही विचारलंत, सिंधूची पोर भुकेली दारात आली तर तू तिला कुळ विचारून जेवायला घालतेस का? त्यानंतर ती शंका पुन्हा निघाली नाही.

फक्त केवळाबाईंचा दिवा आला नाही. त्या वर्षी त्या गावी गेल्या नव्हत्या, पुढच्या वर्षीही त्यांनी दिला नाही. माझ्याशी त्या एकच वाक्य बोलल्या, "मन्ही सासूना दिवा शे तो. कोनाडा सोडाव नही." मी नियम सांगायला लागले तर त्यांनी दार लोटून घेतलं. तुम्ही मात्र त्यांच्याकडे जायचात. भाजीची पाटी घेऊन त्यांच्या उंबऱ्यावर बसायचात, बराच वेळ दोघी नुसत्या निवडत राहायच्या, आणि दिव्याचा विषय निघायचाच नाही. मी चिडायचे. श्रावणात तुम्ही मला म्हणालात की यंदा केवळाचं मी बघते, तू मध्ये पडू नको. काय बघणार होता, कसं बघणार होता, ते विचारायचं राहिलं. भाद्रपद उजाडला आणि तुम्हीच राहिला नाहीत.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गल्ली गप्प होती. बायका स्टोसमोर बसल्या होत्या आणि कोणीच पेटवत नव्हतं. रॉकेलची बाटली हातात, आणि कोणीतरी विचारेल म्हणून कान दाराकडे. मलाही उठवेना. मग पलीकडून हेमाबेनचा आवाज आला, गुजराती वळणाने, थोडा रडका, "स्टो बंद शे ना व?" सगळ्या घरांतून एकदम हो आलं. त्या दिवशी स्वयंपाक उशिरा झाला पण झाला.

तर आजची बैठक. 'यंदापुरते आपापल्या घरी' असं ठरायच्या बेतात होतं. मी विरोध केला, कारणं दिली, सगळी बरोबर होती, आणि कोणी ऐकत नव्हतं. माझं घर चालणार नाही, तिथे तर गठ्ठ्यांचा ढीग. सिंधूचं अरुंद. हेमाबेनकडे पोटमाळ्याला लाकूड. छाया बिचारी म्हणाली, आमच्याकडे सुतक संपलंय, बघा हवं तर, आणि मग तिचं तिलाच रडू आलं. मी म्हटलं, आपल्याला असं घर हवं जिथे साड्यांचा एकही गठ्ठा नाही, खाली दगडी फरशी आहे आणि नळ जवळ आहे.

असं घर गल्लीत एकच आहे. केवळाबाईंची नजर अधू झाल्यापासून त्या साड्यांचं काम घेत नाहीत. मुलगा इच्छापोरला कारखान्यात, राहतो तिकडेच. घर मोकळं, आणि नळ दारातच.

"पण त्या दिवा देणार नाहीत," मालतीवहिनी म्हणाल्या.

हेमाबेन म्हणाल्या, "तो तेना दिवाने शूं काम हलवायचा? बाकीना बधा तिकडे न्या ने."

एवढं सरळ होतं, जिजी. दोन वर्षं मी त्यांचा दिवा तुमच्या घरी आणायच्या मागे होते. कोनाडा हलणार नाही, तर गल्लीने कोनाड्याकडे जायचं. तुम्ही श्रावणात हेच योजलं होतंत का, मला माहीत नाही. छायाला विचारलं, तिलाही माहीत नाही. ती एवढंच म्हणाली की आजारी असताना तुम्ही दोनदा विचारलंत, केवळाकडची मेथी निवडून झाली का.

मग पुढचा प्रश्न आला, त्यांना विचारायचं कोणी? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला बोलता येतं, गोड बोलता येत नाही. सिंधू म्हणाली, "मग बोलू नका ना, मास्तरीणबाई. जिजी कुठे बोलायच्या?" त्यावर पुन्हा हशा पिकला, छायासुद्धा हसली, आणि बैठक संपली.

ठरलेलं असं: दिवे एकाच घरात. पाळ्या मी लावायच्या. परात छाया देणार. संध्याकाळची फेरी हेमाबेनकडे कायम. वाळूच्या बादल्या दोन्ही प्रकारच्या.

राहिलेलं काम एक. भाजीवाल्याकडून मेथीच्या दोन जुड्या आणून ठेवल्या आहेत, ताटाखाली झाकून. पोलकं बदललं, केस नीट केले, काय बोलायचं ते दोन वेळा मनात मांडलं आणि दोन्ही वेळा पुसलं. केवळाबाईंचं दार माझ्या ओट्यावरून दिसतं. उघडं आहे. अजून गेलेले नाही.